खालून वाघ, वरून मोटार

नागपूरहून जबलपूरकडे जाताना मनसर मागे पडले, की रस्ता पेंचच्या जंगलात शिरतो. श्रीनगर ते कन्याकुमारी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ तो हाच. थोड्याच वेळात गाडी एका लांबलचक पुलावर चढते. खाली मोठी नदी मात्र नाही! मग हा पूल कशासाठी? खालून वाघाला जाता यावे म्हणून.

रस्त्यावर प्राणी चिरडले जातात, हे आपण पाहतोच. दुसरे नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. वाघाचा बच्चा दोनेक वर्षांचा झाला, की आईला सोडून स्वतःचे क्षेत्र शोधत निघतो. वाहनांच्या अखंड रांगेने त्याची वाट अडवली, तर दोन बाजूंच्या वाघांचा संबंध तुटतो. मग पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच प्रजनन होऊन वंश दुबळा होतो.

हा महामार्ग चौपदरी करताना मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर महाराष्ट्रातील सुमारे १६ किलोमीटरच्या टप्प्यात नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी पुलाखालून वाट ठेवण्यात आली. त्यांतील सर्वांत लहान वाट ५० मीटर रुंद, तर सर्वांत मोठी ७५० मीटर!

एवढी रुंदी कशाला? वाटेची रुंदी व उंची यांच्या गुणाकाराला तिच्या लांबीने भागले, की तिचा मोकळेपणा कळतो. समजा, रस्त्याखालून २५ मीटर चालायचे आहे. मोरी २ मीटर रुंद व २ मीटर उंच असेल, तर उत्तर ०.१६ येते. ५० मीटर रुंद व ५ मीटर उंच वाटेचे उत्तर येते १०! पहिल्या वाटेच्या तोंडाशी हरिण बिचकते. दुसरीतून त्याला पलीकडचे रान दिसते. अर्थात सर्वांची आवड सारखी नसते. कॅनडातील बॅन्फ येथे ग्रिझली अस्वले प्रशस्त वाटा पसंत करतात, तर काळी अस्वले अरुंद वाटांनीही जातात.

पेंचमध्ये प्राणी खरोखर खालून जातात का? डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ साली मार्च ते डिसेंबर तेथे स्वयंचलित कॅमेरे लावले. समोरून उष्ण शरीर हलले, की हा कॅमेरा आपोआप चित्र टिपतो. वन्यप्राण्यांच्या १८ जाती आढळल्या. चितळ सर्वांत जास्त. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून ११ निरनिराळे वाघ ओळखता आले. (आपल्याला मात्र भुयारी मार्ग असूनही वरूनच पळायची घाई!)

तुमच्या गावाबाहेर रस्त्याखाली मोरी असेल, तर तिचा मोकळेपणा काढून पाहा. सोबत शिक्षक किंवा घरातले मोठे माणूस हवे. संध्याकाळी तिच्या तोंडाशी चाळलेली बारीक माती पसरा आणि सकाळी ठसे पाहा. कुत्र्याच्या ठशांत नखे उमटतात, मांजराच्या ठशांत सहसा नाहीत.