पंख्याचा खटका

विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळी आठ्या पडल्या असतील. कामगार चळवळीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, बदली कामगारांवर बोलावे, फार तर महागाईवर बोलावे. मुलांच्या खेळयंत्रातील पंख्याशी त्याला काय कर्तव्य? यावर आमचे उत्तर एवढेच की, आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यात फार झाले. तेथे ज्या एका प्रश्नाने आम्हांस अनेक वर्षे छळले, तोच प्रश्न गेल्या मे महिन्यात आमच्या अकोल्यातील एका सभासदाच्या मुलाने एका पांढऱ्या पेटीत घालून आमच्यापुढे आणून ठेवला.

ती पेटी म्हणजे एक्सबॉक्स ३६० नावाचा गेम कन्सोल. २२ नोव्हेंबर २००५ रोजी तो अमेरिकेत प्रथम विक्रीस आला आणि २०१६ साली त्याचे उत्पादन थांबले. तथापि जुन्या बाजारात तो हातोहात फिरत असतो. त्याच्या पोटात दोन मोठ्या चिप असतात, एक हिशेब करणारी व दुसरी चित्रे काढणारी. आरंभीच्या यंत्राबरोबर वीज पुरवणारा जो विटेएवढा ठोकळा येई, त्याची शक्ती २०३ वॅट होती. यंत्राने घेतलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती बाहेर काढण्याचे काम मागील बाजूस जोडीने बसवलेले दोन लहान पंखे करतात. यंत्र आपले तपमान आपणच मोजते आणि त्याप्रमाणे पंख्यांस कमी किंवा जास्त व्होल्ट देते. माणसाने त्यात हात घालावा अशी सोय मुळात नाही.

हे यंत्र बदनाम झाले ते उष्णतेपायी. दर्शनी भागावरील बटणाभोवती तीन लाल दिवे लागले की ते मेले, असे समजत. या बिघाडाचे प्रमाण इतके वाढले की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी हमीची मुदत तीन वर्षांची केली आणि शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूस काढली. कारण काय? पुष्कळांस वाटते की चिप तापून जळत होती. वस्तुतः तसे नव्हते. २०२१ साली कंपनीनेच काढलेल्या माहितीपटात असे सांगितले गेले की, चिपच्या आतील डाखाचे बारीक जोड तुटत होते, आणि ते तुटत होते यंत्र वारंवार तापल्यामुळे व निवाल्यामुळे. लोखंडी तार एकदा वाकवल्याने तुटत नाही. वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा, मग ती तुटते. तसेच हे. तेव्हा पंखा जोरात फिरवला म्हणजे रोग बरा झाला असे जे सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. तापण्या-निवण्यातील अंतर त्याने थोडे कमी होते, एवढाच त्याचा गुण. तुटलेला जोड त्याने सांधला जात नाही.

मग खटका हवा कशाला? त्याचे उत्तर अकोल्याच्या उन्हाळ्यात आहे. चिपचे तपमान खोलीच्या तपमानावर चढून बसते. खोली दहा अंशांनी अधिक तापली तर, पंख्याचा वेग तोच असता, चिपही सुमारे दहा अंशांनी अधिक तापते. प्लेस्टेशन ४ या दुसऱ्या एका कन्सोलच्या पुस्तिकेत ५ ते ३५ अंश एवढ्याच हवेत यंत्र चालवा असे छापलेले आहे. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या घरात जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीचे तर विचारूच नका. यंत्र करणाराने आपल्या दिवाणखान्याचा विचार केला, शांततेचाही केला. पत्र्याखालच्या पोराचा केला नाही. अशा वेळी पोराने पंख्याचा ताबा आपल्याकडे मागितला, तर त्याला हट्टी म्हणणे आम्हांस जड जाते.

परंतु वेग वाढवण्याची किंमत असते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट वाहते, वीज मात्र सुमारे आठपट लागते, आणि आवाज पंधरा डेसिबलच्या आसपास वाढतो. शिवाय हवा दुप्पट झाली म्हणून चिप निम्मी निवत नाही. चिप आणि हीटसिंक यांमधील लेप वाळला असेल, पात्यांत धूळ साचली असेल, तर वाऱ्याने काय होणार? धूळ आधी, लेप नंतर आणि खटका सर्वांत शेवटी, असा हा क्रम आहे.

त्या मुलाने आमच्याकडे येण्यापूर्वीच खटका बसवला होता. खटका तीन जागांचा. एका टोकास यंत्राचा आपोआप वेग, दुसऱ्या टोकास थेट १२ व्होल्ट, आणि मधल्या जागी काहीच नाही. रात्री आवाजाने आजी उठते म्हणून त्याने खटका मागे सरकवला, तो मधेच अडकला आणि पंखे थांबले. थोड्या वेळाने दोन लाल दिवे लागले. तीन दिवे म्हणजे मरण, दोन म्हणजे यंत्र अति तापले. ते आपण होऊन थांबले म्हणून वाचले. मुलगा म्हणाला, "काका, माझ्याच हातानं मी याचा गळा दाबला."

हे वाक्य ऐकून आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली, व ती सांगण्यात आमचा काही मोठेपणा नाही. एका कारखान्यात रंगखात्याचा वाफ ओढणारा पंखा होता. १९४८ च्या कारखाने कायद्याचे १३ वे कलम हवा खेळती राहण्याविषयीचे व तपमानाविषयीचे होते, ते आम्ही पाठ केले होते. पंख्याचा खटका साहेबाच्या खोलीत, आणि विजेचे बिल वाचवायचे म्हणून तो वरचेवर बंद होई. आम्ही झगडलो आणि खटका खात्यात, कामगारांच्या हाताशी आणला. पेढे वाटले. दोन महिन्यांनी रात्रपाळीत आवाजाचा त्रास होतो म्हणून आमच्याच कोणी तो बंद केला, आणि एक नवा पोरगा वाफेने चक्कर येऊन पडला. तो बरा झाला. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून आम्हांस कळले की, खटका कोणाच्या हातात याबरोबरच, त्या खटक्याला काय करता येते हेही मागायला हवे होते. पुढे वायरमनने अशी जोडणी केली की पंखा एका किमान वेगाने सदैव फिरे, आणि खात्यातल्या खटक्याने वेग फक्त वाढे. तो कमी करण्याची सोयच ठेवली नाही, साहेबालाही नाही आणि आम्हांलाही नाही.

तीच जोडणी त्या पेटीत करता येते. प्रथम मीटर लावून पाहावे की पंख्याच्या धन तारेवरील व्होल्ट यंत्राबरोबर कमीजास्त होतात काय. होत असतील तर त्या तारेत एक शॉट्की जातीचा डायोड घालावा, त्यात ०.३ ते ०.४ व्होल्टच खर्ची पडतात, म्हणून आपोआप वेगास फारसा धक्का लागत नाही. १२ व्होल्टच्या पुरवठ्यापासून दुसरी तार काढून तीत एक अँपिअरचा फ्यूज, मग साधा चालू-बंद खटका, मग दुसरा डायोड घालावा. दोन्ही तारा डायोडच्या पलीकडे पंख्यास एकत्र मिळाव्यात. डायोड म्हणजे एकाच बाजूस उघडणारे दार. यंत्राचे व्होल्ट जास्त असतील तर ते पंखा चालवतील, हाताचे जास्त असतील तर हाताचे, आणि कोणाचा प्रवाह दुसऱ्याच्या घरात उलटा शिरणार नाही. पूर्ण वेगाचा आवाज सोसत नसेल, तर हाताच्या तारेत तीन साधे डायोड आणखी ओळीने घालावेत. प्रत्येकी सुमारे ०.७ व्होल्ट उतरून मधला वेग मिळतो. या रचनेत खटका मोडला, अडकला, बंद राहिला, तरी यंत्राचा आपला पंखा सुरूच राहतो, कारण ती तार खटक्यातून जातच नाही.

फ्यूज मात्र कोणी वगळू नये. तो ठोकळा १२ व्होल्टवर १६.५ अँपिअर देऊ शकतो. पंख्याची केसासारखी तार चुकून पत्र्यास टेकली तर ठोकळा थांबण्याआधी तार पेटेल. या यंत्रात घरातील २३० व्होल्ट बाहेरच्या ठोकळ्यातच राहतात, म्हणून पेटी उघडण्याचे धाडस आम्ही होऊ दिले. ज्या कन्सोलच्या आतच वीजपुरवठा असतो, त्यात तारा काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो. तेथे मुलांनी हात घालू नये, आणि आमच्यासारख्या अर्धवटांनी तर मुळीच नाही.

जाता जाता एक. संगणकातील चार तारांच्या पंख्यात चौथी तार वेग सांगण्यासाठी असते आणि ती तुटली तर पंखा पूर्ण वेगाने धावतो, असा नियमच करणारांनी बांधला आहे. हुकूम ऐकू आला नाही तर काम थांबवायचे नाही, हे ज्याने ठरवले तो इंजिनिअर आम्हांस भेटावासा वाटतो.

आमच्या युनियनच्या कचेरीतील टेबलावर ती पेटी दोन संध्याकाळी उघडी पडली होती. डाख मुलानेच लावला. आमचा हात आताशा कापतो. खटक्याच्या एका बाजूस त्याने पांढऱ्या रंगाने "मे" असे लिहिले. दुसऱ्या बाजूस काय लिहावे हे त्याने आम्हांस विचारले. आम्ही म्हणालो, कोरी ठेव.