अग्निशमन प्रशिक्षणार्थींचे ज्ञानमापन

आग विझविणे व संकटग्रस्तांची सुटका करणे या व्यवसायात नव्याने दाखल झालेल्या उमेदवारास कामामागील तत्त्वे कितपत अवगत आहेत आणि प्रत्यक्ष प्रसंगी ती वापरता येतील इतके त्याचे आकलन झाले आहे किंवा नाही, हे पुराव्याने निश्चित करण्याची पद्धती. व्यावसायिक अर्हता देताना उमेदवाराचे काम पाहिले जातेच. तथापि केवळ काम पाहून त्यामागील सर्व ज्ञानाची खात्री होत नाही. म्हणून कृतीच्या पुराव्याबरोबर ज्ञान व आकलन यांचा वेगळा पुरावा मागितला जातो. ही पद्धती ब्रिटनमध्ये विशेष व्यवस्थितपणे विकसित झाली असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तेथील व्यवस्थेचे विवेचन केले आहे.

आवश्यकता : गवंडी किंवा सुतार यांचे कौशल्य त्यांनी केलेल्या कामावरून पारखता येते, काम बिघडल्यास ते पुन्हा करताही येते. अग्निशामकाच्या बाबतीत तसे नसते. सर्वांत धोक्याचे प्रसंग क्वचितच उद्‌भवतात आणि उमेदवारीच्या काळात त्यांपैकी एकही वाट्यास न येण्याचा संभव असतो. असा प्रसंग पहिल्यांदा येईल तेव्हा चुकून शिकण्याची सवड मिळत नाही. त्यामुळे न पाहिलेल्या प्रसंगी उमेदवार काय करील, याचा अंदाज त्याच्या आकलनावरूनच बांधावा लागतो.

बंद खोलीतील आगीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हवेचा पुरवठा खुंटल्यावर ज्वाला मंदावतात. परंतु तापलेले ज्वलनशील वायू खोलीत साठत राहतात. अशा वेळी दार उघडले, तर आत शिरणारी हवा त्या वायूंत मिसळून त्यांचा स्फोटक रीतीने पेट होतो. यास ‘बॅकड्राफ्ट’ म्हणतात. खिडकीच्या काचांवर साचलेला काळा तेलकट थर, तापलेले दार, फटींतून लयीने आत-बाहेर होणारा धूर आणि ज्वालांचा अभाव ही त्याची पूर्वचिन्हे होत. ज्वाला दिसत नाहीत म्हणून आग विझत आली, असा नवख्याचा समज होतो. जाणकारास तीच गोष्ट धोक्याची वाटते. याहून वेगळा प्रकार म्हणजे ‘फ्लॅशओव्हर’. यात छताखाली साठलेल्या तप्त वायूंच्या प्रारणाने खोलीतील सर्व ज्वलनशील पृष्ठभाग जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने वेल्समधील ब्लायना येथे बॅकड्राफ्टमुळे दोन आणि ब्रिस्टलजवळ एका मोठ्या दुकानातील आगीत फ्लॅशओव्हरमुळे एक, असे तीन अग्निशामक मृत्युमुखी पडले. ब्रिस्टलच्या आगीत मरण पावलेली फ्लर लॉम्बार्ड ही शांतताकाळात कर्तव्यावर असताना मृत्यू आलेली ब्रिटनमधील पहिली महिला अग्निशामक होय. या सुमारास स्वीडनमध्ये विकसित झालेली, पोलादी कंटेनरांत नियंत्रित आग लावून तिचे वर्तन दाखविण्याची पद्धत ब्रिटनमध्येही रूढ होऊ लागली.

इतिहास : जेम्स ब्रेडवुड याने १८२४ पासून एडिंबरो येथील अग्निशामक दलास शिस्तबद्ध प्रशिक्षण दिले व १८३० मध्ये त्या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला. इमारतीत शिरून आगीच्या मुळापर्यंत पोहोचावे, यावर त्याचा भर होता. इमारतीत शिरावयाचे म्हणजे तिची बांधणी व आगीचा स्वभाव जाणणे ओघानेच आले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ फायर एंजिनिअर्स’ या संस्थेच्या परीक्षांमुळे या ज्ञानास औपचारिक मान्यता मिळू लागली. पदोन्नतीसाठी पुढे अनेक वर्षे लेखी परीक्षा घेतल्या जात. मात्र लेखी परीक्षेत यश मिळविणारा उमेदवार आगीच्या जागी कुशल ठरेलच असे नाही, ही अडचण कायम राहिली.

ब्रिटनमध्ये १९८६ साली राष्ट्रीय व्यावसायिक अर्हता परिषद स्थापन झाली. उमेदवाराने अभ्यासक्रमास किती काळ घालविला यापेक्षा त्यास काय करता येते, हे अर्हतेचे गमक मानण्यात आले. प्रत्येक व्यवसायाचे घटक पाडून त्यांची राष्ट्रीय मानके ठरविण्यात आली. अग्निशामकाच्या कार्यनकाशात नऊ घटक आहेत. जीव वाचविणे, दुर्घटनेचे निवारण, घातक पदार्थांपासून पर्यावरणाचे रक्षण, लोकांस सुरक्षिततेचे शिक्षण व वाहन चालविणे हे त्यांपैकी काही होत. प्रत्येक घटकात ‘काय करता आले पाहिजे’ याच्या जोडीस ‘काय माहीत असले व समजले पाहिजे’ याचीही यादी असते. २००३ च्या वेतनकरारानंतर प्रशिक्षणार्थी, विकसनशील व सक्षम असे वेतनाचे टप्पे पडले. त्यामुळे पुराव्याच्या पूर्ततेस आर्थिक महत्त्वही आले.

पुराव्याचे प्रकार : उमेदवार आपला पुरावा एका संचिकेत एकत्र करतो. तीत (१) मूल्यमापकाने केलेले प्रत्यक्ष निरीक्षण, (२) प्रसंगी हजर असलेल्या अनुभवी सहकाऱ्याची साक्ष, (३) उमेदवाराने केलेल्या नोंदी व अहवाल, (४) तोंडी व लेखी प्रश्नोत्तरे, (५) कामाविषयी मूल्यमापकाशी झालेली सविस्तर चर्चा आणि (६) पूर्वीच्या शिक्षणाची प्रमाणपत्रे यांचा समावेश होतो. काही ज्ञान कृतीवरूनच अनुमानता येते. उदा., शिडी योग्य कोनात लावून तिचा पाया पक्का करणाऱ्यास त्याबद्दल पुन्हा विचारण्याचे प्रयोजन नसते. जे कृतीतून दिसत नाही, तेवढ्यापुरते प्रश्न विचारावेत, असा संकेत आहे.

पुरावा प्रस्तुत, अस्सल, पुरेसा, अलीकडचा व विश्वसनीय असावा लागतो. अस्सल म्हणजे उमेदवाराचा स्वतःचा. आग विझविणे हे गटाचे काम असल्याने ही अट विशेष महत्त्वाची ठरते. मूल्यमापक स्वतः त्या व्यवसायात सक्षम असावा लागतो. त्याच्या निर्णयांची तपासणी अंतर्गत पडताळणी अधिकारी करतो आणि अर्हता देणाऱ्या संस्थेचा बाह्य अधिकारी त्यावर देखरेख ठेवतो.

प्रश्नांचे स्वरूप : ज्ञान व आकलन यांतील भेद प्रश्नांच्या रचनेत स्पष्ट होतो. ‘पेटलेल्या तेलावर पाणी मारू नये’ हा नियम पाठ असणे हे ज्ञान होय. पाणी तेलाहून जड असल्याने खाली जाते, तेथे त्याची वाफ होऊन आकारमान सु. १,७०० पटींनी वाढते व जळते तेल बाहेर उधळले जाते, ही कारणपरंपरा सांगता येणे म्हणजे आकलन. ज्यास कारण कळले त्यास नियमाची मर्यादाही कळते. उदा., पेट्रोलच्या आगीवर उपयोगी पडणारा साधा फेस अल्कोहॉलच्या आगीवर टिकत नाही, कारण अल्कोहॉल फेसातील पाणी शोषून घेते. तेथे अल्कोहॉलरोधक फेस वापरावा लागतो. केवळ नियम पाठ करणारा येथे फसतो.

श्वसनयंत्राविषयीचे प्रश्नही असेच असतात. ९ लिटर धारणेच्या नळकांड्यात २०० बार दाबाची हवा असल्यास ती सु. १,८०० लिटर भरते. दर मिनिटास ४० लिटर खर्च धरल्यास ती ४५ मिनिटे पुरेल आणि सुरक्षिततेसाठी १० मिनिटे राखून ठेवल्यास कामास ३५ मिनिटे मिळतील. हा हिशेब झाला. परंतु जिना चढून बेशुद्ध माणसास ओढून आणताना श्वासाचा वेग दुप्पट झाला तर काय, असे विचारल्यावर सर्व हवा साडेबावीस मिनिटांतच संपेल आणि परतीचा निर्णय कागदावरील वेळेवरून न घेता दाबमापक पाहून घ्यावा लागेल, हे उमेदवाराच्या ध्यानी यावे लागते. ‘असे झाले तर काय कराल ?’ या प्रकारचे प्रश्न म्हणूनच सर्वांत उपयुक्त मानले जातात.

मर्यादा : या पद्धतीवर टीकाही झाली आहे. मानकांची भाषा क्लिष्ट असून कागदपत्रांचा पसारा वाढतो, असा आक्षेप सुरुवातीपासून घेतला गेला. १९९६ च्या बोमाँट अहवालातही मानके सोपी व सुस्पष्ट करण्याची शिफारस होती. यादीतील प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करण्याच्या नादात समग्र जाण तपासायची राहून जाते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात अग्निशमन अधिकाऱ्यांच्या निर्णयप्रक्रियेचा अभ्यास केला. अनुभवी अधिकारी अनेक पर्यायांची तुलना करीत बसत नाहीत. परिस्थितीचा ओळखीचा आकृतिबंध हेरून ते तत्काळ कृती करतात, असे त्यास आढळले. असे ज्ञान शब्दांत सांगणे खुद्द जाणकारासही कठीण जाते. याउलट, बोलण्यात तरबेज असलेला उमेदवार चर्चेत बाजी मारू शकतो. म्हणून कोणताही एक पुरावा निर्णायक न मानता निरनिराळ्या प्रकारचे पुरावे परस्परांशी ताडून पाहणे श्रेयस्कर ठरते. शिवाय न वापरलेले ज्ञान विस्मृतीत जात असल्याने अर्हता मिळाल्यानंतरही वेळोवेळी फेरतपासणी आवश्यक असते. इंग्लंडमध्ये आता तिसऱ्या पातळीच्या शिकाऊ उमेदवारीतूनही या व्यवसायात प्रवेश मिळतो. तीत ज्ञान, कौशल्य व वर्तन या तिन्हींचे अखेरीस स्वतंत्र मूल्यमापन होते.

भारत : राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू होऊन १९५७ मध्ये नागपूर येथे हलविण्यात आले. देशभरातील अग्निशमन अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे ते प्रमुख केंद्र आहे. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यामुळे भारतातही काय शिकविले यापेक्षा काय साध्य झाले, यावर अर्हता आधारण्याचे धोरण स्वीकारले गेले. घातक रसायने वाहून नेणाऱ्या वाहनांवरील फलकावर संयुक्त राष्ट्रांचा पदार्थक्रमांक व आपत्कालीन कृतीचा संकेत द्यावा लागतो. पेट्रोलचा क्रमांक १२०३ असून संकेतातील ३ हा अंक फेसाचा वापर सुचवितो. असा फलक वाचता येणे ही प्रशिक्षणार्थीच्या ज्ञानाची एक साधी पण महत्त्वाची कसोटी होय.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाला. कापसाच्या गाठी व स्फोटके एकाच जहाजात होती. आग विझविताना अग्निशामक दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. काय जळत आहे व त्याच्या शेजारी काय साठविले आहे, हे जाणण्यावर विझविणाऱ्यांचे व भोवतालच्या वस्तीचे प्राण अवलंबून असतात, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.