मिरजेचे इतिहासकार वासुदेवशास्त्री खरे

मराठ्यांच्या लढायांचा इतिहास आमच्या या कृष्णाकांठच्या मुलखांत दोन निरनिराळ्या हातांनीं लिहिला गेला. एक हात शिपायाचा, दुसरा शाळामास्तराचा. शिपाई म्हणजे कॅप्टन जेम्स ग्रँट डफ. हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रज सरकारच्या वतीनें कारभार पाहात होता. दरबारचे कागद त्यास पाहावयास मिळाले, आणि त्यानें रचलेला तीन भागांचा इतिहास १८२६ सालीं लंडनांत छापून निघाला. ग्रंथ श्रमाचा आहे यांत संशय नाहीं. परंतु ज्या कागदांवरून तो लिहिला, ते वाचकापुढें नव्हते. ग्रंथकाराच्या शब्दावर भिस्त ठेवावी, एवढेंच वाचकाच्या हातीं राहिलें. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच त्या ग्रंथावर टीका केली, ही गोष्ट आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी.

मग मूळ कागद लोकांपुढें आणावयाचे कोणीं? तें काम ज्यांनीं अंगावर घेतलें, त्यांत वासुदेव वामनशास्त्री खरे यांचें नांव फार वर आहे. शास्त्रीबोवांचा जन्म १८५८ सालीं कोंकणांत गुहागर येथें झाला. साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर यांजपाशीं त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें. पुढें पुण्यास कांहीं काळ शिकवून ते मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृतचे शिक्षक झाले व तेथेंच त्यांचें आयुष्य गेलें. काव्यनाटकांची त्यांस मनापासून आवड. 'यशवंतराव' हें महाकाव्य त्यांचें, आणि 'गुणोत्कर्ष', 'तारामंडळ', 'उग्रमंगल' हीं नाटकेंही त्यांचींच. शब्दरूपें घोटून घेणाऱ्या गुरुजींचें नाटक रंगभूमीवर पाहतांना त्यांच्या विद्यार्थ्यांस काय वाटत असेल, याची कल्पना आम्हांस मौजेची वाटते.

मिरज हें पटवर्धन सरदारांचें ठाणें. हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय. त्यांचे पुत्र-पौत्र पेशव्यांच्या फौजेंत चढले, आणि गोपाळराव, परशुरामभाऊ यांसारखे सेनानायक त्या घराण्यांत निपजले. १८०१ सालीं चिंतामणराव मिरजेहून वेगळे झाले व सांगलीचें संस्थान उभें राहिलें. या मंडळींची रीत अशी कीं, स्वारींत असलेल्या सरदारानें घरीं वरचेवर पत्रें पाठवावीं. घरच्यांनीं तीं जपून ठेविलीं. शंभर वर्षांनीं तेंच दप्तर शास्त्रीबोवांच्या हातीं आलें.

तें वाचणें सोपें नव्हतें. लिपि मोडी, आणि हात प्रत्येक कारकुनाचा वेगळा. त्यांतून मोठी अडचण तारखेची. पत्राच्या शेवटीं 'छ १२ रज्जब' एवढेंच असावयाचें. 'छ' म्हणजे चंद्र, रज्जब हा मुसलमानी महिना. सालाचा पुष्कळदां पत्ताच नाहीं. तेव्हां मजकुरांत कोणत्या मुक्कामाचें नांव आहे, कोणता सरदार हयात आहे, नदीस पाणी आहे कीं उतार आहे, हें पाहून वर्ष ठरवावयाचें. एक पत्र चुकीच्या वर्षीं पडलें तर सबंध मोहीम उलटी व्हावयाची! असे हजारों कागद लावून त्यांनीं १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि त्याचे भाग एकामागून एक निघाले. पत्रें कालानुक्रमानें द्यावयाचीं व त्यांच्या आधीं त्या प्रसंगाची हकीकत आपल्या भाषेंत सांगावयाची, ही त्यांची पद्धति. वाचकास शास्त्रीबोवांचें म्हणणें पटलें नाहीं, तर पुढच्याच पानावर पुरावा हजर असे. ग्रँट डफपासून हें पाऊल किती पुढें पडलें, तें यावरून दिसेल.

युद्धाचा खरा चेहरा या पत्रांत दिसतो. बखरींत वीर तलवार उपसून धांवतात; पत्रांत मात्र वैरण मिळत नाहीं, पगार थकला, बैल मेले, पावसानें दारू भिजली, असल्या गोष्टींची चिंता. टिपूवरील मोहिमेंत परशुरामभाऊंनीं १७९० च्या सप्टेंबरांत धारवाडास वेढा दिला. कॅप्टन लिटलची इंग्रजी पलटण मदतीस होती. तरी किल्ला हातीं यावयास १७९१ चा एप्रिल उजाडला. त्या पलटणींतील एडवर्ड मूर यानें आपली हकीकत १७९४ सालींच लंडनांत छापली. म्हणजे एका बाजूचें म्हणणें शंभर वर्षें जगापुढें होतें, आणि दुसऱ्या बाजूचें मिरजेस रुमालांत बांधलेलें होतें. लेखसंग्रहानें तो रुमाल सोडला. १७९५ ची खर्ड्याची लढाई, १७९९ सालीं पट्टणकुडीस भाऊंचा रणांत झालेला अंत, या गोष्टीही आतां त्या काळच्याच माणसांच्या लेखांवरून ताडून पाहतां येतात.

'नाना फडनवीस यांचें चरित्र', 'हरिवंशाची बखर', 'इचलकरंजी संस्थानचा इतिहास', 'मालोजी व शहाजी' हे त्यांचे इतर ग्रंथ. यांपैकीं नानांचें चरित्र मुलांनीं आधीं वाचावें. भाषा प्रौढ पण ओघवती आहे. एक दोष मात्र सांगितला पाहिजे. शास्त्रीबोवा मराठी राज्याकडे मिरजेच्या खिडकींतून पाहतात. शिंदे-होळकर दूर व अंधुक दिसतात, पटवर्धन जवळ व मोठे. दप्तरच पटवर्धनांचें असल्यामुळें हें बऱ्याच अंशीं अपरिहार्य होतें. तरीपण वाचतांना ध्यानांत ठेवावें.

१९२४ च्या जून महिन्यांत शास्त्रीबोवा वारले. पालकवर्गास आमची एक विनंति आहे. सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांतून माळ्यावर, कोनाड्यांत मोडी कागदांचीं गांठोडीं अजून निघतात व वाळवी लागली म्हणून बंबांत जातात. तीं जाळण्यापूर्वीं मोडी जाणणाऱ्या एखाद्या गृहस्थास दाखवावीं, अथवा १९१० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करावी.