गाठ काढावी, मूत्रपिंड राखावे

एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो, हे हायडेलबर्ग येथील शल्यविशारद गुस्टाव्ह सिमोन यांनी १८६९ मध्ये एक मूत्रपिंड काढून सिद्ध केले आणि पुढे हाच विश्वास मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील उपचाराचा पाया ठरला. त्याच शहरात १८८७ मध्ये व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी केवळ गाठ काढून उरलेले मूत्रपिंड राखले होते; तथापि रक्तस्राव आवरण्याची साधने तोकडी असल्याने ही वाट मागे पडली. १९६० च्या दशकात टोरांटोच्या रॉब्सन यांनी मूत्रपिंड, भोवतालची चरबी व तिचे आवरण आणि माथ्यावरची अधिवृक्क ग्रंथी असे सारे एकत्र काढण्याचा पुरस्कार केला, आणि तीच रीत रूढ झाली.

दुसरे मूत्रपिंड सारे भागवून नेईल, या गृहीतकात एक खोट होती. एक मूत्रपिंड देऊनही धडधाकट राहणारा मूत्रपिंडदाता निरोगी म्हणून पारखून निवडलेला असतो, तर गाठीचा रुग्ण बहुधा उतारवयाचा, अनेकदा मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेला असतो. त्याचे उरलेले मूत्रपिंड आधीच थकलेले असू शकते. रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, म्हणजे नेफ्रॉन, प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात आणि गेलेले नेफ्रॉन पुन्हा निर्माण होत नाहीत. शिवाय सोनोग्राफी व सीटी स्कॅनमुळे आता लहान गाठी अन्य तपासण्यांत सहज दिसतात. चार सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठींपैकी सुमारे एक पंचमांश तर कर्करोगाच्या नसतातच.

म्हणूनच केवळ गाठ काढून उरलेले मूत्रपिंड राखण्याची वाट पुन्हा महत्त्वाची ठरली; मात्र या शस्त्रक्रियेची खरी कसोटी वेळेची असते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जात असल्याने शुद्ध रक्त आणणारी रोहिणी बहुधा चिमट्याने तात्पुरती बंद करावी लागते. हा काळ शक्यतो पंचवीस-तीस मिनिटांत संपवावा लागतो, अन्यथा जे वाचवायचे तेच प्राणवायूविना निकामी होऊ लागते. अधिक वेळ लागणार असेल, तर मूत्रपिंड बर्फाने थंड ठेवतात. गाठ निरोगी ऊतीच्या पातळ थरासह काढून मूत्रपिंडातील मूत्र गोळा करणाऱ्या पोकळीचा उघडा पडलेला भाग व कापलेली जागा शिवली जाते. तरीही नंतर रक्तस्राव वा लघवीची गळती होण्याचा धोका संपूर्ण मूत्रपिंड काढण्यापेक्षा अधिक असतो. यंत्रमानवाच्या हातांनी शिवणे सुकर झाले असले, तरी निर्णय शल्यविशारदाचाच असतो.

पुरावाही एकतर्फी नाही. ५४१ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींबाबत, दहा वर्षे जगण्याचे प्रमाण संपूर्ण मूत्रपिंड काढलेल्या गटात ८१.१ टक्के, तर अंशतः काढलेल्या गटात ७५.७ टक्के आढळले. मात्र ती चाचणी पुरेशा रुग्णांअभावी लवकर थांबवावी लागली होती, आणि मूत्रपिंडाचे कार्य अंशतः काढलेल्या गटातच अधिक टिकले. म्हणून दुसरे मूत्रपिंड धडधाकट असताना, गाठ खोल व अवघड जागी असेल, तर हट्टाने मूत्रपिंड वाचवणे शहाणपणाचे नव्हे. ज्याला एकच मूत्रपिंड आहे किंवा ज्याच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी आहेत, त्याच्यासाठी मात्र पर्याय डायलिसिसचाच असल्याने मूत्रपिंड राखण्याचा प्रयत्न शक्य तितका करावाच लागतो.