क्वांटमच्या खुल्या कोडात मराठवाड्याचा वाटा

ऑगस्ट 2024 मध्ये महाराष्ट्रात क्वांटम संगणकाची एक चाचणी पार पडली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला 6 क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) अतिवाहक प्रोसेसर, त्याला चालवणारी डीआरडीओच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेची यंत्रणा आणि टीसीएसचा क्लाउड इंटरफेस यांची सांगड या चाचणीत जमली. क्लाउडवरून सर्किट, म्हणजे क्युबिटवर करायच्या क्रियांची मांडणी, पाठवले, ते प्रोसेसरवर चालले आणि निकाल परत आला. देशाच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल 2023 मध्ये मंजुरी मिळाली, तीही 6,003 कोटी रुपयांहून अधिक रकमेची. आठ वर्षांत 50 ते 1,000 क्युबिटपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याचा या सगळ्याशी काय संबंध? निरपेक्ष शून्य तापमानाच्या जवळ चालणारी ती थंड यंत्रे नांदेडच्या विष्णुपुरीतील अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात यायला वेळ लागेल. पण त्यांना चालवणारे सॉफ्टवेअर केव्हाच येऊन पोहोचले आहे. आयबीएमने मे 2016 मध्ये 5 क्युबिटचा संगणक क्लाउडवर सर्वांसाठी खुला केला. मार्च 2017 मध्ये ‘किस्किट’ ही पायथॉनमधली कोड लायब्ररी आली, तर 2018 मध्ये गूगलची ‘सर्क’. दोन्ही अपाची 2.0 परवान्याखाली आहेत. म्हणजे कोड कुणीही वाचावा, वापरावा, सुधारावा आणि ती सुधारणा मूळ लायब्ररीत घ्या असा प्रस्ताव द्यावा.

शिकायला खरे क्वांटम यंत्रही लागत नाही. क्युबिटची स्थिती साध्या संगणकावर मांडता येते, फक्त दर वाढीव क्युबिटला मेमरी दुप्पट लागते. 20 क्युबिटना सुमारे 16 एमबी, 28 ना 4 जीबी, 30 ना 16 जीबी, आणि 40 म्हटले की थेट 16 टीबी. म्हणजे 8 जीबीच्या साध्या लॅपटॉपवर 25-26 क्युबिटपर्यंतचे प्रयोग निभावतात. क्वांटम संगणक कशासाठी हवा, याचे उत्तरही याच आकड्यांत आहे.

या लायब्ररींमध्ये काम तरी काय असते? सर्किट चिपवर चालेल अशा रूपात बदलणाऱ्या ट्रान्सपायलरचे घ्या. सर्किट लिहिताना आपण कुठल्याही दोन क्युबिटमध्ये क्रिया मांडतो, पण अनेक चिपांवर बांधाला बांध लागलेल्या क्युबिटनाच एकमेकांशी थेट व्यवहार करता येतो. समजा, 0, 1, 2 असे क्युबिट एका ओळीत आहेत आणि 0 व 2 मध्ये सी-नॉट ही दोन क्युबिटची क्रिया हवी आहे. मग आधी 1 आणि 2 ची अदलाबदल करावी लागते. एका अदलाबदलीला तीन सी-नॉट लागतात, म्हणजे एका क्रियेच्या जागी चार झाल्या. दोन क्युबिटची प्रत्येक क्रिया थोडी चूक सोबत आणते. त्यामुळे कमीत कमी अदलाबदलीत काम उरकणारा मार्ग शोधणे ही ट्रान्सपायलरची खरी कसोटी. सर्किट मोठे झाले की सर्वोत्तम मार्ग शोधणे अतिशय अवघड होते, म्हणून ‘साब्रे’सारख्या पद्धती कामचलाऊ पण चांगला मार्ग झटपट काढतात. इथे वाचवलेली एकेक अदलाबदल निकाल अधिक विश्वासार्ह करते.

योगदानाची रीतही ठरलेली आहे. कुणी चूक नोंदवली की ‘इश्यू’ उघडतो. ती चूक पुन्हा घडवून दाखवणारे छोटेसे सर्किट आधी लिहायचे. मग दुरुस्ती करायची आणि तिच्यासोबत एक टेस्ट द्यायची. दुरुस्तीआधी नापास आणि नंतर पास होईल अशी ती हवी. बदल वापरणाऱ्याला जाणवणार असेल तर रिलीज नोट लिहायची आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मूळ कोडात घेण्याची विनंती, पाठवायची. जगाच्या कुठल्या तरी टोकाला बसलेला देखभालकर्ता ओळन् ओळ तपासतो, प्रश्न विचारतो, पुन्हा लिहायला लावतो. बदल मर्ज झाल्यावर, म्हणजे मूळ कोडात घेतला गेल्यावर, योगदान लिहिणाऱ्याच्या नावासह कोडाच्या इतिहासात कायमचे नोंदले जाते. गुणपत्रिका कोणत्या बोर्डाची, हे कुणी विचारत नाही.

परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने या भागाला एक मोठी गोष्ट शिकवली. साधने तोकडी असली तरी पद्धतशीर सराव आणि चुकांची काटेकोर तपासणी यांच्या बळावर मुले राज्यात पुढे येतात. हीच शिस्त कोड तपासताना कामी येते. फरक एवढाच की परीक्षेत उत्तर आधीच ठरलेले असते. लायब्ररीत प्रश्न नीट मांडणे हेच अर्धे काम असते, आणि ते मांडायला मुलांना कुणीतरी मोकळीक द्यावी लागते.

ती देण्याची ताकद इथल्या संस्थांकडे आहे. नांदेडची श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था 1981 पासून उभी आहे आणि स्वायत्त आहे. 1994 मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चारही जिल्हे येतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाऐवजी मर्ज झालेली एक पुल रिक्वेस्ट ग्राह्य धरली, तिला श्रेयांक दिले आणि मार्गदर्शक शिक्षकाच्या कामातही ती मोजली, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही की कोट्यवधींचे यंत्र. त्याच त्या प्रकल्पांच्या बांधीव प्रती कपाटात ठेवण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे. क्वांटम संगणनाचे नियम आत्ता घडत आहेत आणि ते उघड्यावर घडत आहेत. मराठवाड्याच्या मुलांनी ते नुसते शिकू नयेत, घडवायलाही बसावे.