इंग्रजी ‘बट्’ आणि विरोधाच्या तीन छटा

इंग्रजी संयुक्त वाक्यातील ‘बट्’ला मराठीत ‘पण’ अथवा ‘परंतु’ हे प्रतिशब्द सामान्यतः दिले जातात. ‘पण’ची गणना आपले व्याकरण न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्ययांत करते. संज्ञा मार्मिक आहे. तथापि ‘बट्’च्या सर्व कार्यांना ती पुरत नाही.

‘द रोड इज नॅरो, बट इट इज सेफ’ या वाक्यात पहिल्या उपवाक्याने जागविलेली अपेक्षा दुसरे खोडून काढते. अरुंद रस्ता धोक्याचा, हे वाक्यात कोठेही नाही. ते श्रोत्याने पुरवावयाचे. ‘बट्’च्या जागी ‘अँड’ घातले तरी विधानाची सत्यता ढळत नाही. बदलते ती केवळ सूचना. हा भेद फ्रेगे याने १८७९ मध्येच नोंदविला होता.

रॉबिन लेकॉफ यांनी १९७१ मध्ये अपेक्षाभंगापासून निव्वळ विरोध वेगळा काढला. ‘द टी इज हॉट, बट द मिल्क इज कोल्ड’ येथे कोणतीही अपेक्षा मोडलेली नाही. दोन वस्तू समोरासमोर ठेवल्या आहेत, इतकेच. मराठीला येथे ‘मात्र’ अधिक शोभते: ‘चहा गरम आहे, दूध मात्र थंड आहे.’ ‘येट’ या जागी खटकतो, कारण त्याला अपेक्षाभंगच हवा असतो. (‘अँड येट’ चालते, ‘अँड बट्’ चालत नाही, ‘येट’ अद्याप अर्धा क्रियाविशेषणच आहे.)

खरी अडचण तिसऱ्या छटेची. ‘शी इज नॉट अ डॉक्टर बट अ लॉयर’ यात एक विधान नाकारून त्याच्या जागी दुसरे बसविले आहे. जर्मनमध्ये येथे ‘आबर’ नव्हे, ‘झोंडर्न’ येतो. स्पॅनिशमध्ये ‘पेरो’ नव्हे, ‘सिनो’. मराठीही हा भेद कटाक्षाने पाळते: ‘ती डॉक्टर नव्हे, तर वकील आहे.’ याउलट ‘ती डॉक्टर नाही, पण वकील आहे’ म्हणताच, डॉक्टर नसली तरी वकील असण्याने काही भरपाई होते, असा अर्थ निघतो. इंग्रजीत दोहोंना शब्द एकच; ओळख पटते ती रचनेवरून. पहिल्या भागात स्पष्ट नकार असून ‘बट्’नंतर उपवाक्य संक्षिप्त असेल, तर बहुधा दुरुस्ती अभिप्रेत असते. ‘बट शी इज अ लॉयर’ असे पूर्ण उपवाक्य आले की अर्थ ‘पण’कडे झुकतो.

भाषांतरकाराने येथे गफलत केली तर परिणाम केवळ शैलीपुरता राहत नाही. ‘ही डिड नॉट पुश द चाइल्ड, बट पुल्ड हिम बॅक’ अशी साक्ष समजा. ‘ढकलले नाही, तर मागे ओढले’ हा आरोपाचा समूळ इन्कार होय. ‘ढकलले नाही, पण मागे ओढले’ असे नोंदविले, तर तोच साक्षीदार एक गोष्ट नाकारून दुसरीची कबुली देतो आहे, असे वाचणाऱ्यास वाटेल.