खिशातला प्राणी आणि पावलांचा हिशेब

माणूस चालतो तेव्हा तो केवळ पुढे सरकत नाही. तो थोडा वरखालीही होत असतो. एका पायावर शरीराचा भार आला म्हणजे कंबर उंचावते आणि दोन्ही पायांत अंतर पडले म्हणजे ती खाली येते. प्रौढ माणसात हा चढउतार साधारणपणे चार-पाच सेंटिमीटर असतो. डोक्यावर भरलेली घागर घेऊन जाणाऱ्या स्त्रीला तो सांभाळावा लागतो. एरवी तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. नेमक्या याच हेलकाव्यावर पोसला जाणारा एक कृत्रिम प्राणी जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १९९८ साली बाजारात आणला.

‘पॉकेट पिकाचू’ हे त्याचे नाव. तळहातावर मावेल एवढी डबी, ती कमरपट्ट्यास अडकविण्याची सोय, एक लहानसा पडदा, आणि त्या पडद्यावर पोकेमॉन या खेळातील पिकाचू हा प्राणी. मूळ खेळात तो पिवळाधमक असतो. येथे त्यास काळ्या ठिपक्यांवरच भागवावे लागले. डबी कमरेस लावून मालकाने चालावे, दर वीस पावलांस एक ‘वॅट’ जमा व्हावा आणि ते वॅट पिकाचूस भेट द्यावेत, अशी ही योजना. भेटी मिळत राहिल्या तर पिकाचूचा लोभ वाढे. दुर्लक्ष झाले तर तो रुसे.

पडद्यावर प्राणी पाळण्याची कल्पना त्यापूर्वीच लोकप्रिय झाली होती. नोव्हेंबर १९९६ मध्ये बंदाई या दुसऱ्या जपानी कंपनीने ‘तामागोची’ हे खेळणे काढले. तामागो म्हणजे अंडे. त्यातून निघालेल्या चित्ररूप पिलास वेळच्या वेळी खाऊ घालावे, त्याची घाण काढावी, आजारात औषध द्यावे. हयगय झाल्यास ते मरे. मुले वर्गातही त्याची काळजी वाहू लागली, तेव्हा अनेक शाळांनी त्यास बंदी केली. तामागोचीचे जनक अकिहिरो योकोई व आकी माइता यांस १९९७ चे अर्थशास्त्राचे ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळाले, ते लोकांचे लक्षावधी तास कामाऐवजी या आभासी पशुपालनात घालविल्याबद्दल! तामागोचीची सेवा बसल्या जागी बोटांनी होत असे. पिकाचूच्या सेवेसाठी उठावे लागे, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद होय.

परंतु माणूस उठला आणि चालला, हे डबीस कसे कळते? त्या काळच्या साध्या पदमापकातील रचना सहज समजण्याजोगी आहे. एका आडव्या तरफेच्या टोकास वजन असते व एक नाजूक कमान तिला तोलून धरते. शरीर वर उसळले की जडत्वामुळे वजन मागे राहते, म्हणजेच डबीच्या मानाने खाली जाते. तरफ संपर्कबिंदूस टेकते, विजेचे मंडल क्षणभर पूर्ण होते आणि आकडा एकाने वाढतो. मग कमान वजनास पुन्हा जागेवर आणते. डबी आडवी ठेवली तर ही सारी व्यवस्था निकामी ठरते, कारण वजन ज्या दिशेने हलू शकते त्या दिशेने धक्का मिळतच नाही.

मराठीत ‘पाऊल’ हा शब्द पायासही लागतो आणि टाकलेल्या ढांगेसही. यंत्रास या दोहोंपैकी एकाचीही ओळख नसते. त्यास ठाऊक असतो तो धक्का. १९९८ सालीच बंदाईने ‘डिजिमॉन पेंड्युलम’ हे खेळणे काढले. त्यातही हलण्याची दखल घेणारा भाग होता, पण तेथे डबी हाताने हलविणे हाच खेळाचा नियम होता. एका कंपनीने ज्या हालचालीस पाऊल म्हटले, तिलाच दुसरीने हिसका म्हटले. पाऊल की हिसका, हे ठरविणारा माणूस यंत्राच्या बाहेर होता. पंडित नैनसिंह रावत १८६५-६६ मध्ये सर्वेक्षण खात्यासाठी गुप्तपणे ल्हासापर्यंत गेले, तेव्हा ठरावीक लांबीची पावले टाकीत आणि दर शंभर पावलांस जपमाळेचा एक मणी सरकवीत गेले. त्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. तेथे मोजणारा आणि चालणारा एकच असल्यामुळे पाऊल म्हणजे काय, हा प्रश्न उद्भवत नव्हता.

पुढील यंत्रांनी हा प्रश्न काही अंशी सोडविला. २००९ साली निन्टेन्डोच्या नव्या पोकेमॉन खेळांबरोबर ‘पोकेवॉकर’ नावाची गोल डबी मिळू लागली. खेळातील आपला एक प्राणी अवरक्त किरणांच्या द्वारे तिच्यात उतरवायचा, दिवसभर खिशात घेऊन हिंडायचे आणि सायंकाळी तो परत खेळात पाठवायचा. हिच्यात तरफेच्या जागी त्वरणमापक आला. सिलिकॉनच्या सूक्ष्म कमानींवर तोललेले एक वजन आणि त्याच्या दोन्ही बाजूंस कंगव्याच्या दातांसारखे विद्युत्-पट्ट, अशी त्याची घडण असते. वजन केसाहूनही पुष्कळ कमी अंतराने सरकले तरी पट्टांतील फट बदलते, फटीबरोबर विद्युत्-धारकता बदलते आणि त्यावरून त्वरण काढता येते. ही मोजणी परस्परांशी काटकोनात असलेल्या तिन्ही दिशांत होते. तिन्ही मापांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले म्हणजे डबी खिशात उलटी पडली आहे की सुलटी, हा प्रश्नच उरत नाही.

अशा यंत्रापुढे मग आकड्यांची एक लाट येत राहते. चालताना तिच्यात सेकंदास सुमारे दोन शिखरे दिसतात. शिखर ठरावीक उंचीचे आहे काय आणि ते आधीच्या शिखरापासून योग्य अंतराने आले आहे काय, हे तपासून यंत्र पाऊल मान्य करते. बसच्या एखाददुसऱ्या दणक्यास अशी यंत्रे सहसा फसत नाहीत. मात्र एखाद्या मुलाने बसल्या जागी ठेक्यात हात हलविला तर ती फसतात. याहून गंभीर चूक उलट दिशेची आहे. वृद्ध किंवा दुखणाईत माणूस पाय ओढीत सावकाश चालतो, तेव्हा शिखरे ठेंगणी राहतात व पुष्कळ पावले मोजलीच जात नाहीत. ज्यास प्रत्येक पाऊल कष्टाने टाकावे लागते, त्याच्याच खात्यावर कमी पावले पडतात.

‘वॅट’विषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण विद्यार्थ्यांचा येथे गैरसमज व्हावयाचा. वॅट हे शक्तीचे, म्हणजे ऊर्जा किती वेगाने खर्च होते याचे एकक होय. वॅट साठविणे म्हणजे ‘ताशी मैल’ डब्यात भरून ठेवण्यासारखेच आहे. साठते ती ऊर्जा, आणि तिचे एकक ज्यूल. साठ किलोग्रॅम वजनाचा माणूस दर पावलास चार सेंटिमीटर उंचावतो असे धरले, तर त्यासाठी सुमारे २४ ज्यूल कार्य घडते. यातील काहीही प्राण्याच्या पोटात जात नाही. पोकेवॉकर चालतो तो नाण्याएवढ्या विद्युत्-घटावर.

दिवसास किती पावले चालावीत, याचा प्रसिद्ध आकडाही जपानचाच आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, तेथे ‘मानपो-केई’ या नावाचा पदमापक विक्रीस आला. नावाचा अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’. ही संख्या लोकप्रिय झाली ती अशा व्यापारी नावामुळे. अमेरिकेतील सुमारे १७,००० वृद्ध स्त्रियांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत दिवसास सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांपुढे हे प्रमाण आणखी घटताना दिसले नाही.

खेळण्याच्या लोभाने माणूस चालू लागतो, पण किती दिवस? ‘पोकेमॉन गो’ हा दूरध्वनी-संचावरील खेळ २०१६ साली निघाला. त्याच वर्षी अमेरिकेतील तरुण खेळाडूंच्या पावलांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. खेळ घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांची चाल दिवसास सरासरी ९५५ पावलांनी वाढली होती. नंतर ही वाढ आठवड्यागणिक ओसरत गेली आणि सहाव्या आठवड्यात ती पूर्वपदावर आली.

शाळेच्या मैदानावर या यंत्राची परीक्षा घेणे अवघड नाही. पावले मोजणारे कोणतेही साधन घ्यावे. आजच्या बहुतेक दूरध्वनी-संचांतही त्वरणमापक असतो. मनात मोजून शंभर पावले चालावे व यंत्राचा आकडा टिपावा. मग तेच अंतर धावत, अगदी सावकाश, आणि जिना चढताना, असे निरनिराळ्या रीतीने करून पाहावे. साधन एकदा कमरेस, एकदा हातात, एकदा दप्तरात ठेवावे. शंभर आणि यंत्राचा आकडा यांतील फरक वहीत लिहीत गेल्यास कोणत्या चालीत यंत्र अधिक चुकते, हे थोड्याच वेळात दिसू लागेल.